झूम लेन्सची खरेदी : आकड्यांपेक्षा बांधणी पाहा

कापडाच्या धंद्यात पूर्वी नमुन्याचे तुकडे कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून दलालामार्फत परगावी पाठविले जात. आज भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा कितीतरी माल मोबाईलवर पाठविलेल्या फोटोवरून विकला जातो. गिऱ्हाईक कापडाला हात लावत नाही, फक्त पाहते. माल पोहोचल्यावर "फोटोत होते ते हे नव्हे" असे म्हणून त्याने तो परत केला, तर जाण्यायेण्याचे भाडे, घडी मोडलेला माल आणि बिघडलेला व्यवहार हे सारे आपल्याच खात्यावर पडते. म्हणून बऱ्याच व्यापाऱ्यांनी स्वतःचा डिजिटल कॅमेरा घेतला आहे. आपल्या वस्त्यांतील अनेक तरुणांनीही कॅटलॉग आणि लग्नसमारंभाची फोटोग्राफी हा रोजगार म्हणून पत्करला आहे. कॅमेऱ्याबरोबर एक लहान लेन्स मिळते. काही महिन्यांत ती अपुरी वाटू लागते आणि मोठी झूम लेन्स घेण्याचे वेध लागतात. पैसा चुकीच्या जागी अडकतो तो बहुधा याच टप्प्यावर.

दुकानात गेल्यावर प्रथम नजर जाते ती लेन्सवरच्या आकड्यांवर. १८-५५, १८-२००, ७०-३०० असे हे आकडे म्हणजे त्या लेन्सची फोकल लेंथ, मिलिमीटरमध्ये. लहान आकड्याला दृश्य रुंद दिसते, मोठ्या आकड्याला दूरची वस्तू जवळ येते. झूम लेन्समध्ये कडे फिरविले की आतल्या भिंगांचे गट पुढेमागे सरकतात आणि हा आकडा बदलतो. छोट्या ३५ मि.मी. फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी अशी पहिली लेन्स १९५९ साली आली. फ्रँक बॅक यांनी रचना केलेली ती ३६-८२ मि.मी.ची 'झूमार', फोग्टलेंडर कंपनीने विकली. १९६३ साली निकॉनची ४३-८६ आली. ती भरपूर खपली, पण तिच्या फोटोंत सरळ रेषा वाकड्या दिसतात ही तक्रार तिला कायमची चिकटली. झूम लेन्सचा हा मूळ स्वभाव आहे. सरकणारे भाग जितके जास्त आणि आकड्यांची धाव जितकी लांब, तितकी कुठेतरी तडजोड करावीच लागते.

दुसरा आकडा असतो 'एफ'चा : एफ २.८, एफ ४, एफ ५.६. लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र किती उघडते ते हा आकडा सांगतो. नवख्या माणसाचा इथे गोंधळ होतो, कारण आकडा मोठा तर छिद्र लहान. सूत हाताळणाऱ्यांना हे समजायला अडचण पडू नये. आपल्याकडे २० नंबरचे सूत जाड आणि ६० नंबरचे बारीक, तसेच हे आहे. एफ ५.६ च्या तुलनेत एफ २.८ ला चौपट प्रकाश आत येतो. लेन्सवर '३.५-५.६' असे दोन आकडे असतील, तर झूम वाढविताच प्रकाश कमी होत जातो. फक्त '२.८' किंवा '४' असा एकच आकडा असेल, तर तो शेवटपर्यंत कायम राहतो. एकच आकडा असलेली लेन्स बहुधा बांधणीलाही चांगली असते, कारण कंपनी ती धंदेवाईक गिऱ्हाइकासाठी बनविते.

आता सर्वात मोठ्या मोहाची गोष्ट. १८-२०० किंवा १८-३०० ची लेन्स दाखवून दुकानदार म्हणतो, "एकाच लेन्समध्ये सगळे काम." प्रवासाला निघालेल्या माणसासाठी ते ठीक आहे. कापडाच्या कामात मात्र अशा लेन्सच्या रुंद टोकाला साडीचा सरळ काठ बाहेरच्या बाजूला फुगतो, लांब टोकाला तोच आत वळतो. पट्ट्यापट्ट्यांचे शर्टिंग तर धनुष्यासारखे दिसते. कॅमेऱ्यात किंवा संगणकावर हे बरेचसे दुरुस्त करता येते, पण कडेची स्पष्टता तेवढी घटते.

शिवाय आपल्या जागेचा हिशेब कोणी करत नाही. बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत लहान सेन्सर असतो, ज्याला एपीएस-सी म्हणतात. त्यावर ड्रेस घातलेल्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत उभा फोटो घ्यायचा, तर ३५ मि.मी.वर साधारण १० फूट मागे जावे लागते, ५० वर १४-१५ फूट आणि ७० वर २० फुटांपेक्षा जास्त. २०० मि.मी.ला तर ५० फूटही पुरत नाहीत. ज्याचा गाळाच १२ बाय १५ चा आहे, त्याने ७०-२०० घेऊन काय करावे? उलट १८ मि.मी.वर जवळून फोटो काढला तर माणसाचा जवळचा हात मोठा आणि पाय आखूड दिसतात, आणि ड्रेसचे फिटिंग चुकीचे वाटते. आपले काम बहुतेक ३० ते ७० मि.मी.च्या दरम्यान होते. त्या पट्ट्यात मजबूत असलेली लेन्स शोधावी.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्यांना फक्त टेबलावर किंवा भिंतीवर पसरलेल्या कापडाचे फोटो काढायचे आहेत, त्यांनी सध्या काहीच घेऊ नये. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ पक्क्या स्टँडवर लावावी, ३५ ते ५० च्या दरम्यान ठेवावी, एफ ८ वर फोटो काढावा आणि दोन चांगले दिवे घ्यावेत. फरक दिसेल. बारीक विणीच्या कापडावर लाटांसारखे नकली नक्षीकाम उमटत असेल, तर तो दोष लेन्सचा नाही. विणीचे धागे आणि सेन्सरचे बिंदू एकमेकांशी गुंतल्यामुळे ते होते. कॅमेरा थोडा मागे घेतला किंवा किंचित तिरपा केला की बहुधा जाते. लेन्स जितकी तीक्ष्ण, तितके ते जास्त उमटते, हेही ध्यानात असू द्यावे.

ज्यांना मॉडेल उभे करून, हॉलमध्ये किंवा लग्नात काम करायचे आहे, त्यांना मात्र चांगली लेन्स हवीच. २०१८ साली कॅनन आणि निकॉन या दोघांनी नव्या माउंटचे मिररलेस कॅमेरे आणले. तेव्हापासून अनेक व्यावसायिक आपल्या जुन्या डीएसएलआर लेन्स विकत आहेत. मजबूत माल कमी पैशात मिळण्याची ही संधी आहे. २००६ साली आलेली टॅमरॉनची १७-५० एफ २.८ हे याचे उत्तम उदाहरण. तिचा फोकस आवाज करतो आणि दिसायला ती साधी आहे, पण माउंट धातूचा आणि फोटो स्पष्ट. ज्यांच्याकडे मोकळी जागा आहे, त्यांच्यासाठी १९९९ ची कॅननची पांढरी ७०-२०० एफ ४ आहे. तिचे वजन ७०५ ग्रॅम, आणि झूम करताना तिची नळी लांब होत नाही, सारे काही आतल्या आत सरकते. तिच्यात हात हलण्यावर उपाय नाही, म्हणून २०० मि.मी.ला शटर निदान १/३२० ठेवावे किंवा स्टँड वापरावा.

नव्यात घ्यायची तर सिग्माची १८-५० एफ २.८ (२०२१) पाहावी. सोनी माउंटमध्ये तिचे वजन फक्त २९० ग्रॅम आहे. पुष्कळ जण ती हातात घेऊन "प्लास्टिक आहे" म्हणून खाली ठेवतात. ही समजूत चुकीची आहे. तिचे आवरण खास मिश्र प्लास्टिकचे आहे, जे उष्णतेने जवळजवळ ॲल्युमिनियमइतकेच फुगते-आकसते, आणि माउंट धातूचा आहे. हलणाऱ्या हाताला सावरण्याची सोय मात्र तिच्यात नाही. ती हवी असेल तर टॅमरॉनची १७-७० एफ २.८ आहे, वजन ५२५ ग्रॅम.

म्हणजे वजनावरून मजबुती ठरत नाही. ती ठरविण्यासाठी पुढील गोष्टी स्वतःच्या हाताने तपासाव्यात. लेन्स उलटी करून मागचा माउंट पाहा. तो धातूचा आहे की काळ्या प्लास्टिकचा? निकॉनची १८-१०५ फोटो चांगले देते, पण तिचा माउंट प्लास्टिकचा आहे. स्टँड पडला तर पहिला घाव तिथेच बसतो. माउंटच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली दिसली, तर लेन्स कोणीतरी उघडली आहे असे समजावे. नंतर झूमचे कडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा. मध्ये अडकते का, वाळू घासल्यासारखे लागते का? लेन्स जमिनीकडे तोंड करून धरा. नळी आपोआप घसरून खाली आली, तर आतली पकड ढिली झाली आहे. बाहेर आलेली नळी बोटांनी हलवून पाहा. किंचित खेळ चालतो, डुगडुगणे चालत नाही. कड्यावरचे रबर सैल झाले असेल तर घाबरू नये, ते बदलता येते. उलट भाव कमी करायला तेच कामी येते.

बुरशीची तपासणी कधीही टाळू नये. आमच्या भाच्याने एके ठिकाणी जुनी लेन्स पसंत केली होती, बाहेरून अगदी नवीकोरी. मोबाईलची बत्ती मागच्या बाजूने लावून पुढून पाहिले, तर आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. दुकानदार म्हणतो, "भाई, धूळ आहे, फोटोत येत नाही." धुळीचे चारदोन कण खरोखरच फोटोत येत नाहीत, पण धुळीला फांद्या फुटत नसतात. भाच्याने लेन्स तिथेच ठेवली. बुरशी काचेवरचा लेप खाते. साफ केली तरी डाग राहू शकतो.

यानंतर शेवटची परीक्षा, जी आपल्या धंद्यातल्या माणसाला सर्वात सोपी आहे. घरून बारीक चौकटीच्या कापडाचा एक मीटर तुकडा बरोबर न्यावा. तो भिंतीवर ताणून, कॅमेरा बरोबर समोर व सरळ धरून, छिद्र पूर्ण उघडे ठेवून फोटो काढावा आणि मोठा करून चारही कोपरे पाहावेत. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर हरकत नाही. पण तीन स्पष्ट आणि एक धूसर असेल, तर आतले एखादे भिंग जागेवरून सरकले आहे. असा माल फुकट मिळाला तरी घेऊ नये. हीच परीक्षा झूमच्या दोन्ही टोकांना करावी. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार हा कॅमेऱ्यांचा जुना बाजार आहे. तिथे किंवा कुठेही, जो दुकानदार एवढा वेळ देत नाही त्याच्याकडे खरेदी करू नये.

लेन्स आपल्या कॅमेऱ्याला चालते का, हे नाव वाचून ठरत नाही. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतील कॅमेऱ्यांत फोकस फिरविणारी मोटर नाही. टॅमरॉनच्या त्याच १७-५० च्या निकॉनसाठी मोटर नसलेल्या आणि मोटर असलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या लेन्स बाजारात आहेत. मोटर नसलेली घेतली तर फोकस आयुष्यभर हातानेच करावा लागेल. कॅननच्या 'ईएफ-एस' लेन्स मोठ्या सेन्सरच्या डीएसएलआरवर बसत नाहीत. कॅननच्या मिररलेसवर मात्र कंपनीच्या अडॅप्टरने जुन्या लेन्स पूर्णपणे चालतात. म्हणून आपला कॅमेरा सोबत नेल्याशिवाय लेन्स खरेदी करू नये.

नवी लेन्स घेताना बिलावर लेन्सचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि तो लेन्स व खोका या दोन्हींवर जुळवून पाहावा. "बिलाशिवाय घ्या, स्वस्तात देतो" असे म्हणणारा पुष्कळदा बाहेरून आलेला, भारतातील हमी नसलेला माल देत असतो. जीएसटीची नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने पेढीच्या नावाने बिल घेतले आणि लेन्स धंद्यातच वापरली, तर कराचे क्रेडिट घेता येते. कंपोझिशन योजनेत ते मिळत नाही. कराची रक्कम किमतीत धरून तिच्यावर घसारा लावला, तरीही क्रेडिट जाते. आपल्या हिशेबनीसाला हे आधीच सांगून ठेवावे.

आता राहिली निगा. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताचा बारीक धुरळा सतत उडत असतो. झूम करताना नळी लांब होणारी लेन्स बाहेरची हवा आत ओढते, आणि तिच्याबरोबर हा धुरळाही. शेडमध्ये फोटो काढायचे असतील तर झूम एकदा ठरवून हलवू नये, आणि लेन्स तिथे बदलू तर मुळीच नये. पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. आर्द्रता दाखविणारे लहानसे यंत्र आत ठेवून काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. चामड्याच्या पाकिटात किंवा गोदामात कापडाच्या गठ्ठ्यांवर लेन्स ठेवू नये. सुताचा ओलावा साडेआठ टक्के धरूनच आपण वजनाचा हिशेब करतो, आणि पावसाळ्यात तो त्याहून वाढतो. बुरशी लागलेली एखादी जुनी लेन्स घरात असेल, तर तिला या डब्यात जागा देऊ नये.