कैद्यावर कैद्याचा पहारा

घनसावंगी-अंबडकडचा एखादा माणूस जन्मठेपेवर हर्सूलच्या कारागृहात गेला आणि तिथे ‘वॉर्डर झाला’, म्हणजे इतर कैद्यांवर पहारा करणारा कैदी झाला, असं कळलं, की गावात लोक म्हणतात, चला, त्याचं बरं झालं. नोकरी लागल्यासारखंच. या समजुतीत थोडं खरं आहे. वॉर्डर कैद्याला शिक्षेत जादा माफी मिळते, वावरायला जरा मोकळीक मिळते. पण 1894 च्या तुरुंग कायद्याच्या कलम 23 ने अशा कैद्याला तेव्हाच्या भारतीय दंड संहितेपुरता लोकसेवक मानलं.  जबाबदारी सरकारी माणसाची, मुक्काम मात्र बराकीतच.

आणि अधिकार? 2017 च्या जूनमध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका शिक्षाबंदी बाईचा मारहाणीने मृत्यू झाला. अंडी-पाव कमी आल्याची तक्रार तिने केली होती. गुन्हा दाखल झाला तो कारागृहातल्या सहा महिला कर्मचाऱ्यांवर. मेलेली बाई त्या बराकीची वॉर्डर होती.

दुसरा समज असा, की ही युक्ती नाझींची. हिटलरच्या छळछावण्यांत कैद्यांवर नेमलेले कैदी, म्हणजे ‘कापो’, जगाला माहीत झाले, म्हणून तसं वाटतं. पण दाखाऊची छावणी उघडली 1933 साली. त्याआधी वीसेक वर्षं अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये वॉर्डर, पेटी ऑफिसर, तंडेल, जमादार अशी कैद्यांचीच उतरंड उभी होती. त्यांच्यावर जेलर बारी. सावरकरांनी ‘माझी जन्मठेप’मध्ये ती तपशिलाने लिहिली आहे, आणि पुढे तेही तिथल्या तेलगोदामाचे फोरमन झाले. फरक अर्थातच प्रचंड आहे. अंदमानात माणसं राबवली, छळली गेली. नाझी छावण्यांत माणसं मारणं हेच धोरण होतं. साम्य एवढंच, की थोडक्या गोऱ्यांना किंवा एसएस या नाझी दलाच्या थोडक्या माणसांना हजारोंवर राज्य करायचं होतं, तेही स्वस्तात.

तिसरा समज मला सगळ्यात खटकतो: असे लोक जातीनेच क्रूर. अंदमानच्या गोष्टी सांगताना पठाण वॉर्डरांबद्दल हे हमखास ऐकू येतं. याच देशात, येरवड्याला, 1922 ते 1924 मध्ये गांधीजींवर आदन नावाचा सोमाली कैदी-वॉर्डर नेमला होता. गांधीजींनी त्याच्याबद्दल आपुलकीने लिहिलं आहे. माणूस बदलला की पद बदलतं, हेही पूर्ण खरं नाही. 1944 साली एसएसप्रमुख हिमलरने आपल्या सेनाधिकाऱ्यांना सांगितलं होतं, की कापोवर आपण नाराज झालो की त्याला पुन्हा इतरांत झोपायला धाडतो, आणि पहिल्याच रात्री ते त्याला मारून टाकतात. ही भीतीच त्याला हात उगारायला लावत होती. 1950 नंतर इस्रायलमध्ये काही कापोंवर खटले झाले, तेव्हा न्यायाधीशांपुढची अडचण हीच होती.

वागणूक चांगली असेल तर कुणालाही वॉर्डर होता येतं, असंही मानलं जातं. पश्चिम बंगालच्या तुरुंग नियमांत रात्र-पहारेकरी नेमताना भटक्या जमातींसारखे, पळण्याची ‘नैसर्गिक प्रवृत्ती’ असलेले कैदी वगळले होते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीवर बेतलेले असे नियम रद्द केले. अशाच भटक्या पारध्यांच्या पालावर रात्री-अपरात्री पोलीस का जातात, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको.

संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतला चाळिसावा नियम म्हणतो, की शिस्त लावण्याचं कुठलंही काम कैद्याकडे देऊ नये. खेळ, शिक्षण, सामाजिक उपक्रम देखरेखीखाली कैद्यांनी चालवायला त्यात हरकत नाही.