समुद्रकाठची बुरशी

शिळ्या भाकरीवर बुरशी दिसताच आपण ती भाकरी टाकून देतो. परंतु या बुरशीच्याच कुळाने असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले आहेत.

इटलीच्या सार्डिनिया बेटावर काग्लियारी हे बंदर आहे. तेथे विषमज्वराचा उपद्रव असे. शहराचे सांडपाणी समुद्रास मिळे. तथापि तेथे ते हळूहळू आपोआप शुद्ध होते, असे प्राध्यापक ज्युझेप्पे ब्रोत्सू यांच्या ध्यानी आले. मग त्यातील जंतूंना मारते कोण? १९४५ साली त्यांनी त्या पाण्यातून एक बुरशी वेगळी काढली. तिच्या रसाने विषमज्वराच्या जंतूंची वाढ थांबली!

पुढील संशोधनास पुरेशी साधने त्यांच्यापाशी नव्हती. म्हणून त्यांनी ती बुरशी ऑक्सफर्डला धाडली. तेथे एडवर्ड अब्राहम व गाय न्यूटन यांनी तिच्यातून ‘सेफॅलोस्पोरिन सी’ हे द्रव्य मिळविले. ते जंतूंना आपल्या पेशीभोवतीची भिंत नीट बांधू देत नाही. मानवी पेशींना तशी भिंतच नसते. म्हणून जंतू मरतात, रोगी तरतो. पेनिसिलिनला न जुमानणारे काही जंतूही या कुळातील औषधांपुढे नमले.

सागराला आपले पूर्वज रत्नाकर म्हणत. त्यातील हे एक रत्न सांडपाण्याच्या मुखाशी गवसले; कारण तेथे पाहणारे डोळे जिज्ञासू होते.