घरची सगळी मंडळी, एक दिवस बाहेर

भाताची कापणी झाली, झोडणी आटोपली. कामाचा रेटा जरा कमी झाला. अशा दिवसांत घरच्या सगळ्या मंडळींनी मिळून एक दिवस कुठे तरी जाऊन यावे, असे आम्ही सुचवतो.

कोणी म्हणेल, "आम्ही काय शहरातली माणसं आहोत सहलीला जायला? डोंगर तर रोजच बघतो." खरे आहे. पण डोक्यावर गवताचा भारा असला, की डोंगर दिसत नाही. पायाखालची वाट तेवढी दिसते. आणि ही रीत काही शहराची नव्हे. कार्तिकात आवळीभोजन करतात ते काय आहे? आवळ्याच्या झाडाखाली बायकापोरे जमतात, तिथेच पंगत बसते. आपल्या आज्या-पणज्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती.

जायचे ते जवळच जावे. सकाळी निघून दिवेलागणीच्या आत घरी येता आले पाहिजे. गुरांचे काय, हा पहिला प्रश्न. त्याला सोपा उपाय आहे. या आठवड्यात शेजाऱ्याने आपल्या गुरांना वैरणपाणी करावे, पुढच्या आठवड्यात आपण त्याच्या गुरांना करावे. म्हणजे दोन्ही घरे फिरून येतात.

दुसरा प्रश्न कोणी विचारीत नाही, म्हणून आम्हीच विचारतो. घरातल्या बाईचे काय? रात्री तीनला उठून तिने पंधरा माणसांच्या भाकरी थापायच्या, तिथे गेल्यावर वाढायचे, परत येऊन भांडी घासायची. मग सुट्टी कोणाला झाली? तेव्हा आदल्या दिवशीच कामे वाटून घ्यावीत. पोरांनी शेंगा भाजून सोलाव्यात. कारभाऱ्याने पाणी भरावे. चटणी एकाने कुटावी, कांदे दुसऱ्याने बांधावेत. दुधात पीठ मळून दशम्या केल्या, तर त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. पहाटेची धावपळ वाचते. म्हातारी सासू "मी राहते घरी" म्हणेल. ती मनापासून म्हणते की सवयीने, ते एकदा नीट विचारावे.

खर्च मुख्य तो गाडीचा. एस.टी.त बायकांना २०२३ सालच्या मार्चपासून अर्धे तिकीट झाले. ७५ वर्षांवरच्या माणसांचे तिकीट त्याच्या आदल्या वर्षीच माफ झाले होते. आधार कार्ड मात्र जवळ ठेवावे. पाणी माणशी दोन लिटर घ्यावे. डोंगरावर पाणी मिळेलच, असे धरून चालू नये.

आता जायचे कुठे? प्रत्येक तालुक्यात काही ना काही असते. किल्ला, लेणी, नदीचा संगम, जुने देऊळ. उदाहरणाला आम्ही जुन्नर तालुक्यातला नाणेघाट घेतो.

जुन्नरहून पश्चिमेला घाटघरच्या वाटेने गेले, की तीसएक किलोमीटरवर हा घाट लागतो. खाली कोकण, वर देश, आणि मधे डोंगरात पाडलेली ही वाट. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजे राज्य करीत होते. कल्याण, सोपारा या बंदरांत माल उतरे आणि बैलांच्या पाठीवरून या वाटेने वर येई. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी या रांजणात टाकायची, असे लोक सांगतात. मुलांना हा रांजण फार आवडतो. त्यांना तिथे थोडा वेळ द्यावा. "चला चला" करू नये.

रांजणापासून वाटेने थोडे खाली उतरले, की खडकात खोदलेली लेणी आहे. आत जाऊन भिंतीकडे बघावे. भिंत अक्षरांनी भरलेली आहे! ही अक्षरे तुम्हा-आम्हाला वाचता यायची नाहीत. ती ब्राह्मी लिपी आहे, आणि भाषा प्राकृत आहे. पण आपण ज्या अक्षरांत हे पुस्तक वाचतो आहोत, त्या देवनागरीचे मूळ ब्राह्मीतच आहे. आपल्या अक्षरांची ही खापरपणजी म्हणा ना! हा लेख नागनिका राणीच्या वेळचा आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा काय दिली, याचा त्यात हिशेब आहे. गायी, घोडे, हत्ती, आणि कार्षापण नावाची नाणी. नुसते शब्द नव्हेत, आकडेसुद्धा कोरले आहेत. दक्षिणेचा हिशेब दगडावर लिहून ठेवणारी ती राणी आम्हाला मोठी पक्की वाटते.

याच लेणीत राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या आता गेल्या. पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत, आणि वर त्यांची नावे. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याला नाव लिहिता येऊ लागले, याचा आनंद मोठा आहे. पण ते या भिंतीवर कोरायचे नाही. खिशात खडू असेल तर खिशातच राहू द्यावा.

लेणी पाहून वर आले, की कड्यावरून कोकण दिसते. मुले धावत सुटतात ती इथेच. कड्याच्या काठाचे गवत वाळलेले असते, बारीक खडी असते. पाय सरकला तर धरायला काही नसते. लहान मुलाचा हात मोठ्याने धरावा. म्हणजे मनगट धरावे, बोट नव्हे. फोटो काढताना मागे मागे सरकू नये.

पावसाळ्यात इथे एक नवल असते. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटतो आणि वर चढतो. त्याचा जोर एवढा, की खाली पडणारे पाणी तो वर उडवतो. धबधबा उलटा वाहतोय असे वाटते. ते बघायला पुष्कळ गर्दी होते. पण मुलाबाळांना घेऊन पावसाळ्यात जाऊ नये, असे आमचे मत आहे. धुक्यात कड्याचा काठ दिसत नाही. आणि ओढ्याचा तर मुळीच भरवसा नाही.

२०२४ सालच्या जून महिन्याची ३० तारीख. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागे एका घरची मंडळी सहलीला आली होती. ओढ्यात उतरली होती. पाणी एकदम वाढले. सगळी एकमेकांना धरून मधोमध उभी राहिली. काठावरच्या लोकांना काही करता आले नाही. पाच जीव गेले, त्यांत चार मुले होती.

पाणी असे एकाएकी का वाढते? आपल्या शेतात पाऊस पडला, तर बरेचसे पाणी जमिनीत मुरते. कातळ पाणी पीत नाही. डोंगरमाथ्यावर, आपल्याला दिसतही नाही अशा ठिकाणी सर कोसळते, आणि ते सगळे पाणी उतारावरून एकदम ओढ्यात येते. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी येते. म्हणून खुणा ओळखाव्यात. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा, काटक्या वाहून येऊ लागल्या, वरून घोंघाट ऐकू आला, की त्याच क्षणी काठावर चढावे. चप्पल राहिली तर राहू द्यावी. डबा गेला तर जाऊ द्यावा. पाणी अजून घोट्याएवढेच आहे, म्हणून थांबू नये.

हिवाळ्यात पाण्याची भीती नाही, तर मधमाश्यांची आहे. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात. जवळपास विडी ओढू नये, चूल पेटवू नये, दगड मारू नये. वाळल्या गवताला ठिणगी लागली तर सगळा डोंगर पेटतो, ते वेगळेच. माश्या उठल्याच, तर पदराने, उपरण्याने तोंड झाकावे आणि कड्याच्या उलट बाजूला लांब पळावे. हातवारे करू नयेत, त्याने त्या अधिक चवताळतात. अंगात राहिलेली नांगी नखाने लगेच खरवडून काढावी. श्वास लागला, चक्कर आली, तोंड सुजले, तर घरगुती औषधात वेळ घालवू नये. १०८ नंबरला फोन करावा आणि मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठावा.

जेवण सावलीला बसून सावकाश करावे. आज वाढायचे काम पुरुषांकडे. जेवणानंतर बायकांनी पाय पसरून खुशाल गप्पा माराव्यात, म्हाताऱ्यांनी गोष्टी सांगाव्यात. शेंगांची टरफले मातीत जातील, पण पिशव्या आणि बाटल्या तिथेच पडून राहतात. त्या गाठोड्यात बांधून परत आणाव्यात. परतीची गाडी किती वाजता आहे, ते सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवावे. आणि गाडीत चढण्याआधी माणसे मोजावीत. दोनदा मोजावीत, कारण मोजणारा पुष्कळदा स्वतःलाच मोजायला विसरतो.