शिवी देणाऱ्याच्याच तोंडचे गाणे

'टॉय स्टोरी' हा खेळण्यांचा सिनेमा आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलांनी टीव्हीवर पाहिला असेल. १९९५ सालच्या त्या सिनेमात दोस्तीचे एक गोड गाणे आहे. जेवणखाण आटोपल्यावर एखाद्या काकाने पेटी पुढे ओढून गुणगुणावे, तसा त्याचा आवाज. हे गाणे लिहिणारा, त्याला चाल लावणारा आणि गाणारा माणूस एकच, रँडी न्यूमन. मुलांना त्याचे नाव ठाऊक नसते, पण आवाज ओळखीचा असतो.

याच माणसाने त्याच्या एकवीस वर्षे आधी, सप्टेंबर १९७४ मध्ये, 'गुड ओल्ड बॉइज' नावाचा अल्बम काढला. त्यातले पहिलेच गाणे मुलांसमोर लावायची आमची छाती होत नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाला पिढ्यानपिढ्या जी शिवी दिली गेली, ती त्या गाण्यात उघड उघड आणि पुन्हा पुन्हा येते. आणि ती गाणारा माणूस गोरा आहे.

एका रविवारी मुले बाहेर खेळायला गेल्यावर आम्ही चार-पाच जणांनी तो अल्बम लावला. मोबाइल, एक छोटा स्पीकर आणि चहा, एवढाच थाट. शेजारच्या मावशी शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून आम्ही गाणे थांबवून थांबवून अर्थ सांगत होतो.

अर्थ सांगायचा तर आधी लेस्टर मॅडॉक्स कोण हे सांगावे लागते. हा अटलांटा शहरातला खाणावळवाला. जुलै १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला, हॉटेलांतून वर्णभेद करायला बंदी आली, आणि दुसऱ्याच दिवशी दारात आलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना त्याने पिस्तूल दाखवून हाकलले. त्याची गोरी गिऱ्हाइके कुऱ्हाडीचे दांडके हातात घेऊन पाठीशी उभी होती. पुढे न्यायालयाने बडगा उगारला, तेव्हा काळ्यांना वाढण्यापेक्षा त्याने खाणावळ बंद करणे पत्करले. ज्यांच्या आज्या-आजोबांनी हॉटेलाबाहेर ठेवलेली वेगळी कपबशी स्वतःच्या हाताने विसळून चहा प्याला आहे, त्यांना हा प्रकार फोड करून सांगायला नको. असा हा मॅडॉक्स १९६७ साली जॉर्जिया राज्याचा गव्हर्नर झाला.

डिसेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या एका टीव्ही कार्यक्रमात डिक कॅव्हेट या सूत्रधाराने त्याला बोलावले. शेजारी बसवले होते जिम ब्राऊन या नामवंत कृष्णवर्णीय फुटबॉलपटूला. बोलता बोलता खटका उडाला आणि मॅडॉक्स कार्यक्रम अर्ध्यावर टाकून निघून गेला. न्यूमन यांनी तो कार्यक्रम पाहिला होता. प्रेक्षकांनी त्या गव्हर्नरची हुर्यो उडवली, त्याला मूर्खासारखे बोलण्याची संधीदेखील दिली नाही, हे आपल्याला खटकल्याचे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले. न्यूमन हे लॉस एंजेलिसच्या ज्यू घरातले, जन्म १९४३ चा. तीन काका हॉलिवूडचे संगीतकार. पण आई न्यू ऑर्लिन्सची, म्हणून लहानपणीचे उन्हाळे दक्षिणेत गेले. पाण्याचा नळसुद्धा गोऱ्यांचा वेगळा आणि काळ्यांचा वेगळा, असा तो काळ होता.

तर पहिले गाणे एका दक्षिणी गोऱ्याच्या तोंडी आहे. आमच्या गव्हर्नरची न्यूयॉर्कवाल्यांनी टिंगल केली म्हणून तो चिडलाय. त्या भरात तो स्वतःच्या जातभाईंचे वर्णन करतो: कॉलेजात गेलो तसेच ठोंबे परत आलो, आणि काळ्यांना दाबून ठेवणे हेच आमचे काम. चाल अशी झोकात आहे की पाय ठेका धरतो. ऐकणाऱ्या शहाण्यासुरत्या शहरी माणसाला हसू येते, की बघा, हे दक्षिणेतले अडाणी! एक गंमत म्हणजे हा चिडलेला गडी कॅव्हेटला ज्यू ठरवून मोकळा होतो. कॅव्हेट ज्यू नव्हता. ज्यू होता तो हे गाणे रचणारा.

शेवटच्या भागात हा अडाणीच डाव उलटवतो. तुम्ही उत्तरेच्या लोकांनी काळ्याला मुक्त केले ना, असे म्हणून तो कुठल्या कुठल्या पिंजऱ्यात राहायला तो मुक्त आहे याची यादीच वाचतो. न्यूयॉर्कचे हार्लेम, शिकागोची दक्षिण आणि पश्चिम बाजू, क्लीव्हलँडचे हफ, सॅन फ्रान्सिस्कोचे फिलमोर, बॉस्टनचे रॉक्सबरी. त्यातले हार्लेम म्हणजे बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच असलेली वस्ती. आतापर्यंत हसणाऱ्याचे हसू इथे घशात अडकते. 'शहरात कुठे आता जातपात राहिली आहे?' असे विचारून घरमालकाने आडनाव ऐकताच खोली नाकारल्याचा अनुभव ज्याला आहे, त्याला ही यादी फार लवकर कळेल.

ती खरी ठरायलाही वेळ लागला नाही. अल्बम आला त्याच महिन्यात, न्यायालयाच्या हुकमावरून रॉक्सबरीची कृष्णवर्णीय मुले बसने साऊथ बॉस्टनच्या गोऱ्या शाळेत जाऊ लागली, आणि सुधारलेल्या बॉस्टनच्या गोऱ्या जमावाने त्या बसवर दगड मारले.

आम्ही हे सगळे रंगून सांगत होतो. मावशी म्हणाल्या, "पण शिवी ती शिवीच की. आणि ज्याला दिली, तो कुठं बोलतोय या गाण्यात?"

आम्ही जलशाचा दाखला दिला. सोंगाड्या सावकाराचे सोंग घेऊन फडात येतो, गरिबाला हिणवतो, आणि लोक सावकारालाच हसतात. मावशी म्हणाल्या, "जलशात सोंग घेणारा आपला असतो. बघणारेही आपलेच."

आम्हांला उत्तर सुचले नाही. आणि खरे सांगायचे तर न्यूमन यांच्या बाबतीत ही शंका पोकळ नव्हे. १९७७ साली त्यांनी बुटक्या माणसांचा द्वेष करणाऱ्या एका खुळ्याच्या तोंडी गाणे घातले. द्वेष किती बिनबुडाचा असतो हे दाखवायचा बेत होता. गाणे अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले, बुटकी माणसे संतापली, आणि मेरीलँड राज्यात ते रेडिओवर वाजवू नये असा कायदा आणायचीही खटपट झाली. चेष्टेचा रोख चुकला की काय होते, ते असे.

तरीही हा अल्बम टाकून द्यावा असे आम्हांला वाटत नाही, आणि त्याचे कारण दुसरेच गाणे आहे, 'बर्मिंगहॅम'. यात पोलादाच्या गिरणीतला एक गोरा कामगार आपल्या गावाचे गोडवे गातो. बायको, घर, काम, सारे साधे आणि कष्टाचे, आपल्या घरासारखे. परसात एक मोठा काळा कुत्रा आहे, साऱ्या अलाबामात असा चावरा कुत्रा नाही, असे तो कौतुकाने सांगतो आणि त्याला छू म्हणतो. बस्स. कृष्णवर्णीयांचा उल्लेख नाही, शिवी तर नाहीच. पण मे १९६३ मध्ये याच बर्मिंगहॅममध्ये हक्कांसाठी मोर्चात निघालेल्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्री सोडली होती. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला तिथल्या चर्चमध्ये झालेल्या बाँबस्फोटात चार मुली ठार झाल्या. ज्याने ती छायाचित्रे पाहिली आहेत, त्याला परसातला तो कुत्रा चावल्यावाचून राहत नाही. आणि कुत्रा सोडणारा कोणी राक्षस नसतो, पाळीवरून घामेजून घरी आलेला कामगार असतो. हे ऐकून मावशींच्या हातातली शेंग तशीच राहिली.

बाकीची गाणी कमी-अधिक आहेत. एकात गरीब माणूस राष्ट्राध्यक्षाला दयेची याचना करतो. निक्सन साहेबांनी राजीनामा देऊन महिनाच झाला होता, त्यामुळे ते भलतेच बोचरे झाले. ह्यूई लाँग या लुइझियानाच्या गव्हर्नरवर एक आहे. गरिबांना रस्ते आणि पोरांना फुकट पुस्तके देणारा, पण सगळी सत्ता मुठीत ठेवणारा हा पुढारी १९३५ साली गोळीला बळी पडला. दोन-तीन गाण्यांत दारू जरा जास्तच आहे. वाद्यमेळ मात्र सगळीकडे देखणा, आणि मागे साथीला त्या काळी गाजणाऱ्या ईगल्स बँडचे गायक.

शेवटी उरते ते १९२७ च्या पुराचे गाणे. त्या वर्षी मिसिसिपी नदीने सहा लाखांवर माणसे बेघर केली. न्यू ऑर्लिन्सच्या सावकारी पेढीवाल्यांनी आपले शहर वाचवण्यासाठी २९ एप्रिलला खालच्या अंगाचा बांध सुरुंगाने फोडून घेतला, गरिबांची घरे पाण्यात घातली आणि कबूल केलेली भरपाईही धड दिली नाही. वर ग्रीनव्हिल गावी कृष्णवर्णीय शेतमजुरांना बांधावरच्या छावणीत बंदुकीच्या धाकाने अडकवून काम करून घेतले. गाण्यात राष्ट्राध्यक्ष कूलिज आगगाडीने येऊन हळहळ व्यक्त करतात. प्रत्यक्षात ते फिरकलेच नाहीत, त्यांनी हूव्हर नावाच्या मंत्र्याला पाठवले. हूव्हर त्या कामाच्या नावलौकिकावर पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. गाणे गोऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी आहे. आपल्याला धुऊन काढायचा त्यांचा डाव आहे, अशी त्याची तक्रार. बांधावर अडकवलेला मजूर त्याच्या नजरेस पडत नाही. मावशींचा प्रश्न इथेही उभा राहतोच.

पण ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळ आले. न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले, गरीब वस्त्या बुडाल्या, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय. माणसे छपरांवर बसून मदतीची वाट पाहत होती. चार-पाच दिवसांनी, २ सप्टेंबरला, टीव्हीवर मदतनिधीचा कार्यक्रम झाला. त्यात न्यू ऑर्लिन्सचाच कृष्णवर्णीय गायक एरन नेव्हिल याने हेच गाणे म्हटले. अक्षरे जवळजवळ तीच, चाल तीच. 'आपल्याला' म्हणणारा माणूस मात्र बदलला होता.

आम्ही नेव्हिलचे ते गाणे शोधून लावले. या वेळी थांबवून अर्थ सांगितला नाही. संपल्यावर मावशींनी शेंगांचे सूप बाजूला सारले आणि म्हणाल्या, "हा आता बोलला. परत लाव."