आरसाविरहित कॅमेरा
भिंगातून आलेला प्रकाश आरशाने न वळविता सरळ संवेदकावर पाडणारा, भिंगे बदलता येणारा अंकीय कॅमेरा. आरसा नसल्यामुळे भिंग संवेदकाजवळ बसविता येते. निकॉनच्या एफ माउंटपासून संवेदकाचे अंतर ४६·५ मिमी., तर २०१८ मधील झेड माउंटपासून ते १६ मिमी. आहे. त्यामुळे कॅमेऱ्याची जाडी घटते व जुनी भिंगेही जोडकड्याने वापरता येतात. मात्र दृश्य इलेक्ट्रॉनीय पडद्यावर पहावे लागत असल्याने बॅटरी लवकर संपते.

३६ × २४ मिमी. संवेदकावर ५० मिमी. केंद्रांतराचे भिंग देते जवळजवळ तेवढाच दृश्यकोन १७·३ × १३ मिमी. संवेदकावर २५ मिमी. केंद्रांतराचे भिंग देते. लहान संवेदकामुळे ओझे कमी होते, पण अंधुक प्रकाशात प्रतिमा अधिक कणयुक्त येते. कॅमेरे लवकर मागे पडतात, चांगली भिंगे दीर्घकाळ टिकतात. म्हणून हौशी छायाचित्रकाराने प्रथम भिंगे ठरवून मग त्या माउंटचा कॅमेरा घेणे श्रेयस्कर ठरते.