मैदानाचा न्याय, कोर्टाचा न्याय

मिरजेत मताला तोटा नाही. इस्पितळांमुळे आम्ही आजारांवर बोलतो, सतारींमुळे सुरांवर आणि जंक्शनामुळे साऱ्या हिंदुस्थानावर! तेव्हा यंदा फराळाबरोबर एक मत मीही वाढतो. जरा तिखट आहे. पण चकलीच्या शेजारी खपून जावे.

प्रश्न असा : कोर्टाने मोकळ्या केलेल्या खेळाडूला क्रिकेटच्या मंडळाने मैदानाबाहेर ठेवावे काय?

वाचकांना २०१३ चे प्रकरण आठवत असेलच. १५ मे रोजी वानखेडेवर मुंबई आणि राजस्थान यांचा आयपीएलचा सामना झाला आणि रात्र सरायच्या आत दिल्ली पोलिसांनी राजस्थानचे तीन खेळाडू धरले. श्रीशांत, अजित चंडिला आणि आपल्या मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण. आरोप असा, की बुकींशी संधान बांधून षटकात ठरल्याप्रमाणे धावा दिल्या. तोंडे झाकून नेलेल्या त्या पोरांची छायाचित्रे घराघरांत पोहोचली आणि खटला उभा राहण्याआधीच चहाच्या कपाबरोबर निकाल लागून गेला.

पुढे मौज पाहा. त्यांच्यावर लावला मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्राने १९९९ साली केलेला आणि नंतर दिल्लीला लागू झालेला कायदा! २५ जुलै २०१५ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने पुरावा अपुरा म्हणून आरोपींना आरोपमुक्त केले. मंडळाने मात्र १३ सप्टेंबर २०१३ लाच श्रीशांत व चव्हाण यांना तहहयात बंदी घातली होती. ती काही हटली नाही.

आमचे एक वकीलमित्र यावर तावातावाने म्हणतात, "कोर्टाने सोडल्यावर मंडळ कोण लागून गेले?" त्यांना उत्तर दिले आमच्या सौभाग्यवतींनी. "दूधवाला कोर्टातून सुटून आला, म्हणून पाणी घातलेले दूध मी घ्यायचे का?"

मी या बाबतीत घरच्या पक्षाचा आहे, आणि तो केवळ भीतीपोटी नव्हे. कोर्ट माणसाचे स्वातंत्र्य काढून घेते. म्हणून तिथे पुरावा बावनकशी लागतो. मंडळ फक्त संघातली जागा काढून घेते. तिथे त्याहून कमी पुरावा पुरतो आणि पुरावा.

शिवाय आपल्याकडे सामना 'फिक्स' करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा संसदेने केलेलाच नाही. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तेथील प्रीमियर लीगच्या खटल्यात स्पष्ट सांगितले, की हा प्रकार तेव्हाच्या दंडसंहितेतील ४२० कलमात बसत नाही. शिस्तभंगाची कारवाई मंडळाने करावी. लॉर्ड्सवर २०१० साली ठरवून नो-बॉल टाकल्याबद्दल पाकिस्तानच्या तिघा खेळाडूंना लंडनच्या न्यायालयाने २०११ मध्ये कैदेची शिक्षा दिली. श्रीलंकेने २०१९ मध्ये खास कायदा केला. आपण मात्र माशी मारायला तोफ काढतो आणि नेम चुकला की हळहळतो.

इथवर मी मंडळाच्या बाजूचा. पण 'तहहयात' हा शब्द आला की मला आमच्याच जिल्ह्यातले आटपाडी आठवते.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. स्वातंत्र्याच्या आधी औंध संस्थानाने तिथे कैद्यांची उघडी वसाहत वसवली. ना उंच भिंती, ना गजांच्या कोठड्या. खुनाची शिक्षा भोगणारे कैदी तिथे बायकामुलांसह राहून शेती करू लागले. व्ही. शांतारामांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मागे हाच प्रयोग होता, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकरही त्याच मुलखातले. ज्याच्या हातून माणूस गेला त्याच्या हाती आपण विश्वासाने खुरपे देतो, आणि ज्याच्यावर चार चेंडूंचा आरोप आहे त्याच्या हाती जन्मभर चेंडू देणार नाही? हा कुठला हिशेब!

सर्वोच्च न्यायालयानेही १५ मार्च २०१९ ला श्रीशांतच्या बाबतीत हेच तारतम्य दाखवले. मंडळाने काढलेला दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण तहहयात बंदी रद्द करून शिक्षेचा फेरविचार करायला सांगितले. बंदी सात वर्षांवर आली. तिची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. चव्हाणची बंदीही सात वर्षांचीच केली गेली, पण तो निर्णय त्याला कळला २०२१ मध्ये, म्हणजे सात वर्षे केव्हाच उलटून गेल्यावर! धरला गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा असलेला गोलंदाज आता पस्तिशीत पोहोचला होता. कारकुनाला सात वर्षांनी खुर्ची परत मिळू शकते. खेळाडूची ती वर्षे कोणत्याही हुकमाने परत येत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे इतकेच. संसदेने नेमका कायदा करावा, म्हणजे कोर्टाला खेळाच्या गुन्ह्याचा न्याय खेळाचा म्हणून करता येईल. मंडळाने बंदी जरूर घालावी; मात्र कारणे लेखी द्यावीत, आणि बंदी घालतानाच ती कधी संपणार त्याची तारीखही लिहावी. अपिलाचा निकाल महिन्यांत लागावा, वर्षांत नव्हे.

वकीलमित्रांना हेही पटलेले नाही. लाडू खाताना ते पुन्हा वाद घालतील, आणि घालावा. पण तो घालताना तोंड झाकलेल्या छायाचित्रावरून निकाल देण्याची आपली सवय तेवढी बाजूला ठेवू या.