मेणकागदावरचं बंड

मेणाचा थर दिलेला स्टेन्सिल कागद टाइपरायटरवर चढवायचा आणि फीत बाजूला करून अक्षरं ठोकायची. अक्षर पडेल तिथला थर कापला जातो. तो कागद शाईच्या नळकांड्यावर ताणून हँडल फिरवलं की कापल्या जागेतून शाई झिरपते आणि प्रती निघू लागतात. सायक्लोस्टाइलचं तंत्र एवढंच. कचेरीतली परिपत्रकं नि शाळेच्या प्रश्नपत्रिका काढणारं हे यंत्र कवी, चित्रकार आणि रॉकवाल्यांच्या हाती आलं, तेव्हा त्यांना प्रकाशकाच्या होकाराची गरज उरली नाही.

न्यूयॉर्कच्या कवी एड सँडर्सने १९६२मध्ये शिवीच्या नावाचं एक मासिक याच यंत्रावर सुरू केलं. १९६५च्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर चित्रकार अँडी वॉरहॉलच्या चित्रपटातलं दृश्य होतं. याच सँडर्सचा ‘द फग्ज’ हा बँड पंक रॉकच्या पूर्वजांत गणला जातो. वॉरहॉलने पुढे १९६७मध्ये ‘वेल्व्हेट अंडरग्राउंड’ या रॉक बँडच्या तबकडीसाठी केळ्याचं चित्र केलं.

सँडर्सच्या अंकापासून स्फूर्ती घेऊन १९६५मध्ये कवी अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि त्यांच्या मित्रांनी ‘डॅम यू’ हे नियतकालिक काढलं, तेही अलाहाबादेत.

मुंबईत मात्र हे वारं त्याआधीच सुटलं होतं. पन्नाशीच्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ या कवींनी ‘शब्द’ हे नियतकालिक सायक्लोस्टाइलवर काढलं. १९६३मध्ये अशोक शहाण्यांचं ‘असो’ आलं. कोलटकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकलेले आणि जाहिरात क्षेत्रात नावाजलेले. ते पखवाज शिकले, आणि साठी-सत्तरीच्या सांध्यावर त्यांनी रॉकच्या धाटणीची इंग्रजी गाणी लिहिली. १९७६मध्ये कोलटकर, मेहरोत्रा, आदिल जस्सावाला आणि गीव्ह पटेल या चौघांनी ‘क्लिअरिंग हाउस’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा कवितासंग्रह तिथूनच आला आणि मुखपृष्ठांची मांडणीही त्यांचीच. त्याच वर्षी लंडनमध्ये मार्क पेरीने ‘स्निफिन ग्लू’ हे पंकचं घरगुती बनावटीचं पत्रक काढलं. मुंबईचे कवी आणि लंडनची पोरं एकमेकांना ओळखत नव्हती, पण दोघांचा हट्ट एकच होता: लिहायचं आपण, मांडायचं आपण, छापायचंही आपणच.

पंकचा इतिहास लंडन-न्यूयॉर्कपुरता सांगितला जातो, तो अपुरा आहे. ‘शब्द’, ‘असो’सारख्या आपल्या लघुनियतकालिकांचं स्थान त्याच घराण्यात आहे. हे अंक हलक्या कागदावर निघाले. तो कागद पिवळा पडून तुटतो. कुणाच्या माळ्यावर असा एखादा अंक असेल, तर तो रद्दीत घालू नका. जवळच्या विद्यापीठाच्या किंवा चांगल्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करा.